चाक डगमगतंय? नट आवळण्याआधी हे वाचा!

पोळ्याच्या दिवशी रायपूरच्या पुरानी बस्तीत फिरलात, तर गल्लोगल्ली चाकांचाच खेळ दिसेल. छत्तीसगडी घरांत या सणाला 'पोरा' म्हणतात. मुलगे मातीचा नंदिया बैल दोरीने ओढत असतात, मुली जातं-चुलीची मातीची भातुकली मांडून बसतात आणि घरात ठेठरी-खुरमी तळली जात असते. मराठी घरांत दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी नंदी सजवायचा, घरोघर न्यायचा आणि बोजारा मागायचा. ही चाल नागपुराकडची. छत्तीसगडावर १७५८ ते १७८७ बिंबाजी भोसल्यांचा अंमल होता. नागपूर आणि रायपूर यांच्यातली मराठी माणसांची ये-जा तेव्हापासूनची. गंमत म्हणजे मराठी पंचांगात हा पोळा श्रावण अमावास्येला येतो आणि इथल्या पंचांगात भाद्रपद अमावास्येला, दिवस मात्र तोच!

आता या बैलांच्या जोडीला आणखी एक चाकांचं खेळणं आलंय. रिमोटवर चालणारा, मोठ्या टायरांचा, दगडांवरून हळूहळू चढणारा ट्रक. याला 'क्रॉलर' म्हणतात. रेसच्या गाडीसारखा तो सुसाट पळत नाही. विटांच्या ढिगावर, पायरीवर, झाडाच्या मुळांवर इंच इंच सरकतो, आणि मजा त्यातच आहे. वाढदिवसाला काकांनी दिलेला असो की बाबांनी स्वतःच्याच हौशीने आणून 'मुलासाठी आणला' असं सांगितलेला असो (अशी घरं तुम्हालाही माहीत असतील), काही महिन्यांत एक तक्रार हमखास येते. 'चाक डगमगतंय.'

मग घरातलं कोणीतरी पाना घेतं आणि नट आवळतं. दोन दिवस बरं जातं. पुन्हा डगमग. पुन्हा आवळा. शेवटी चाकाचं प्लास्टिक तडकतं आणि काही हजारांचा ट्रक कपाटावर जाऊन बसतो. मूल एकदोनदा विचारतं, मग विचारायचंही थांबतं.

बहुतेक वेळा दोष नटाचा नसतोच. आणि जिथे खरा दोष असतो, तिथली दुरुस्ती रिकाम्या कोल्ड्रिंकच्या डब्यातून कापलेल्या पत्र्याच्या पट्टीने होऊ शकते. फक्त ढिला सांधा कोणता, ते आधी शोधायला हवं.

ढिलं असावं की घट्ट?

मातीच्या बैलाचं चाक बघा. पायांच्या भोकांतून एक काडी जाते आणि काडीच्या दोन टोकांना चाकं. ती काडीवर मोकळी फिरली पाहिजेत. घट्ट बसवलीत तर बैल फरफटत जाईल, नाहीतर चाक फुटेल. खऱ्या बैलगाडीचंही तसंच. कणा जागच्या जागी राहतो, त्याच्याभोवती चाक फिरतं. चाकाच्या मधल्या तुंब्याला वंगण लागतं आणि चाक निसटू नये म्हणून कण्याच्या टोकाला खीळ असते. तिथे थोडं ढिलेपण मुद्दाम ठेवलेलं असतं.

रिमोटच्या ट्रकमध्ये सगळं उलट. तिथे मोटर कणा फिरवते आणि कण्याने चाकाला फिरवायचं असतं. म्हणजे कणा आणि चाक एकजीव हवेत. त्यासाठी एक साधी युक्ती वापरतात. कण्याच्या टोकाजवळ आडवं भोक असतं, त्यात खिळ्यासारखी बारीक पिन बसते. पिनेवर एक सहा बाजूंचा तुकडा चढतो, त्याला 'हेक्स' म्हणतात. चाकाच्या मागच्या बाजूला त्याच मापाचा सहा बाजूंचा खळगा असतो, तो या तुकड्यावर बसतो. शेवटी बाहेरून नट. कणा पिनेला फिरवतो, पिन हेक्सला आणि हेक्स चाकाला. नटाचं काम एवढंच, की चाक बाहेर निसटू नये.

हे एकदा लक्षात आलं, की नट आवळून का भागत नाही ते कळतं. हेक्स आणि खळगा यांच्यात फट पडली असेल, तर नट कितीही आवळा, सहा बाजूंतली ती फट तशीच राहते. नटाच्या दाबाने चाक काही वेळ चिकटून राहतं एवढंच.

जुन्या सायकलचा कॉटर आठवतोय? पायडलच्या दांड्यात ठोकलेली ती पाचर. ती झिजली की प्रत्येक फेऱ्याला पायाखाली 'टक्' व्हायचं. सायकलवाला काय करायचा? कॉटर कानशीने घासून पुन्हा ठोकायचा, नाहीतर नवा घालायचा. आपला ट्रक त्याच दुखण्याने आजारी आहे, फक्त मापं छोटी आहेत.

०.१ मिलिमीटरची किंमत

क्रॉलरच्या हेक्सची मापं ठरलेली आहेत. १:१० मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या ट्रकला (उदाहरणार्थ ट्रॅक्ससचा टीआरएक्स-४) बहुतेक वेळा १२ मिलिमीटरचा हेक्स असतो. तळहाताएवढ्या १:२४ मापाच्या ट्रकला (ॲक्सिअलचा एससीएक्स२४ त्यातलाच) ७ मिलिमीटरचा. हे माप समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं.

आता समजा १२ मिलिमीटरच्या हेक्सभोवती प्रत्येक बाजूला फक्त ०.१ मिलिमीटर फट आहे. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण तेवढीच असते. एवढ्याशा फटीने काय होणार? हिशोब केला तर चाक दोन्ही दिशांना मिळून सुमारे ३.४ अंश मोकळं फिरतं. टायरचा व्यास ११० मिलिमीटर धरला, तर टायरच्या कडेला ते ३ मिलिमीटरहून जास्त होतं. कागदाएवढी फट आणि कडेला तीन मिलिमीटरचा झोल!

छोट्या ट्रकमध्ये गोष्ट आणखी बिघडते. ७ मिलिमीटरच्या हेक्सला तेवढीच फट असेल, तर मोकळं फिरणं ५.९ अंशांच्या आसपास जातं. म्हणून 'छोटा ट्रक आहे, त्याला काय होतंय' असं समजू नका. लहान हेक्सला फट जास्त महागात पडते. १:८ सारख्या मोठ्या, जोरकस गाड्यांना १७ मिलिमीटरचा हेक्स देतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

शिवाय क्रॉलरचा स्वभावच असा, की तो ही फट वाढवत नेतो. अनेक क्रॉलरमध्ये एका कण्यावरची दोन्ही चाकं एकत्रच फिरतील अशी जोडलेली असतात. तीन चाकं हवेत आणि एकच दगडावर टेकलेलं असेल, तर मोटरचा सगळा जोर त्या एका चाकावर येतो. चढताना मुलं पुढे-मागे, पुढे-मागे करतात. प्रत्येक वेळी हेक्सचे कोपरे खळग्याच्या भिंतीवर आपटतात. धातूचा हेक्स आणि प्लास्टिकचा खळगा असेल, तर हार कुणाची होणार ते सांगायला नको. सहा कोपरे हळूहळू गोल होतात.

त्यात आपल्याकडचा मुरूम. छत्तीसगड काय आणि विदर्भ काय, उन्हाळ्यात उडणारी लाल बारीक धूळ त्या फटीत शिरली, की कानशीसारखं काम करते. पावसाळ्यात तिचाच चिखल होतो आणि बेअरिंगमध्ये जाऊन बसतो.

आधी निदान, मग औषध

काम सुरू करण्याआधी बॅटरी काढा. रिमोट बंद केला म्हणजे झालं असं नाही, ट्रकमधली बॅटरीची वायरच सोडवा. चुकून मोटर फिरली तर गिअरमध्ये बोट सापडतं. खाली एक पांढरी थाळी किंवा टॉवेल ठेवा. ती पिन दोन मिलिमीटर जाडीची असते, कधी त्याहून बारीक, आणि जमिनीवर पडली की सापडत नाही. घरात रांगणारं बाळ असेल, तर हे काम टेबलावर आणि दार लावूनच करा. नट आणि पिना बाळाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही.

आता चाक हाताने हलवून बघा, पण तीन वेगवेगळ्या पद्धतींनी.

पहिल्यांदा चाक वरून आणि खालून धरा आणि आत-बाहेर डोलवा, जसा मेकॅनिक मोटारीचं चाक हलवून बघतो. डोलत असेल आणि नट पक्का असेल, तर संशय बेअरिंगवर. स्वस्त ट्रकमध्ये बेअरिंगच्या जागी प्लास्टिकची नुसती कडी असते आणि ती लवकर झिजते.

दुसऱ्यांदा चाक सरळ आपल्याकडे ओढा आणि परत आत ढकला. कण्यासकट चाक आत-बाहेर सरकत असेल, तर हेक्स आणि बेअरिंग यांच्यात जागा राहिली आहे. तिथे पातळ वायसर लागेल.

तिसरी तपासणी महत्त्वाची. कायमच्या शाईच्या पेनाने नट, कण्याचं टोक आणि रिम यांच्यावरून एक सरळ रेघ मारा. आता कणा पकडीत धरून चाक पुढे-मागे फिरवा. कण्यावरची रेघ आणि रिमवरची रेघ एकमेकींपासून सरकल्या, तर ढिलेपण हेक्समध्ये किंवा पिनेत आहे. रेघ अखंड राहिली आणि तरी चाक थोडं फिरतंय, तर ते आतल्या गिअरच्या दातांमधलं मोकळेपण आहे. ते थोडंफार सगळ्याच ट्रकना असतं. तिथे हात घालायची गरज नाही.

रेघ सरकली? मग अजून एक करा. ढिलं चाक काढून दुसऱ्या बाजूच्या चांगल्या कण्यावर बसवा आणि तिथलं चाक इकडे आणा. डगमग चाकाबरोबर गेली, तर खळगा झिजलाय. डगमग जुन्या जागीच राहिली, तर हेक्स, पिन नाहीतर कणा. पाच मिनिटांचं काम आहे, पण चुकीचा सुटा भाग विकत घेण्यापासून वाचवतं.

हे आवर्जून सांगायचं कारण म्हणजे बरेच जण सरळ चकचकीत ॲल्युमिनियमचे नवे हेक्स मागवतात. दिसतात छानच. पण खळग्याचे कोपरे गोल झाले असतील, तर हेक्स सोन्याचा आणला तरी तो ढिलाच बसणार. आणि जुना प्लास्टिकचा हेक्स झिजलेला असेल, तर मात्र तोच नवा हेक्स एका दिवसात काम करतो. म्हणून आधी अदलाबदल, मग खरेदी.

खळगा झिजला असेल तर

आधी फट मोजा. महागडं साधन नको. झेरॉक्सच्या कागदाची बारीक पट्टी हेक्सच्या एका बाजूला ठेवून चाक बसवून पाहा. एका पट्टीने डगमग गेली, तर एकूण फट ०.१ मिलिमीटरच्या घरात. दोन लागल्या, तर दुप्पट. डिजिटल व्हर्निअर असेल तर उत्तमच.

मग नळाच्या कामातली पांढरी टेफ्लॉन टेप घ्या. हेक्सवर दोन-तीन वेढे द्या, चाक दाबून बसवा, नट लावा. डगमग थांबली? म्हणजे निदान बरोबर. टेप मऊ असते, दाबाखाली पसरते, त्यामुळे काही फेऱ्यांनंतर पुन्हा ढिलं होईल. संध्याकाळी मित्र खेळायला येणार असतील तर तेवढ्यापुरती ही टेप पुरेशी आहे.

टिकाऊ काम पत्र्याचं. कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियमच्या डब्याची भिंत साधारण ०.१ मिलिमीटर जाड असते, म्हणजे आपल्याला हवी तेवढीच! डबा मोठ्यांनीच कापायचा, कडा ब्लेडसारख्या असतात. हेक्सच्या जाडीएवढी रुंद पट्टी कापा, कडा पॉलिश पेपरने घासा. मग ती हेक्सभोवती गुंडाळून प्रत्येक कोपऱ्यावर घडी पाडा. दोन टोकं एकमेकांवर चढू देऊ नका, नाहीतर तिथे दुहेरी जाडी होऊन चाक तिरकं बसेल. पट्टी एका सपाट बाजूच्या मध्यावर संपवा. आता चाक हळूच दाबून बसवा. किंचित जोर लागला पाहिजे, हातोडी मात्र नको. पट्टी कण्याच्या बाजूला बाहेर आली तर बेअरिंगला घासेल, तेवढं बघा.

फट जास्त असेल, कोपरे अगदीच गोल झाले असतील, तर पत्रा पुरत नाही. तिथे दोन ट्यूबवाला इपॉक्सी वापरतात. खळग्याच्या आतल्या भिंती पॉलिश पेपरने खरखरीत करा. बऱ्याच रिम नायलॉनच्या असतात आणि गुळगुळीत नायलॉनला इपॉक्सी नीट धरत नाही. हेक्सला सगळीकडून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा, पिनेची खाच आणि मधलं भोकही व्हॅसलीनने भरून टाका. खळग्याच्या भिंतींना इपॉक्सी लावा, हेक्स आत बसवा, वर आलेला गोळा टूथपिकने काढा आणि चाक कण्यावर चढवून नट हलका लावा. लगेच चाक हवेत फिरवून बघा. ते मध्यावर फिरतंय ना, हे इपॉक्सी ओला असतानाच बघायचं. सुकल्यावर काही करता येत नाही. मग रात्रभर हात लावू नका. सकाळी चाक काढलंत, तर हेक्स व्हॅसलीनमुळे सुटून येईल आणि खळग्याला त्याच्या मापाच्या नव्या भिंती मिळालेल्या असतील.

फेविक्विकसारखा झटपट गोंद आणि खायचा सोडा यांची युक्तीही तुम्ही ऐकली असेल. ती खरी आहे. सोड्यावर गोंदाचा थेंब पडला की काही सेकंदांत दगड होतो. पण त्यात उष्णता निर्माण होते, झोंबणारी वाफ येते, आणि चूक सुधारायला वेळच मिळत नाही. घाईत हेक्स आत असतानाच गोंद ओतला, तर चाक, हेक्स आणि पिन कायमचे एक. मुलं सोबत बसणार असतील, तर मी तरी इपॉक्सीच सुचवेन. रात्रभर वाट पाहणं मुलांना जड जातं, पण जमतं.

चाक चांगलं, पण हेक्सच खेळतोय?

मग आधी पिन काढून बघा. मधोमध किंवा टोकांना झिजून बारीक झाली असेल, तर नवी घाला. ट्रकच्या मॉडेलच्या नावाने शोधलंत की पिनांचं पाकीट मिळतं. दोन जास्तीच्या मागवून ठेवा. तारेचा तुकडा किंवा खिळा कापून घालण्याचा मोह होईल, पण मऊ लोखंड वाकतं आणि मग कण्यातून निघतच नाही. पिन बसवताना थोडं ग्रीस लावा, म्हणजे हेक्स चढवेपर्यंत ती गळून पडत नाही.

हेक्स कण्यावर सैल असेल, तर बाजूला बारीक स्क्रू असलेला, कण्याला आवळून धरणारा हेक्स मिळतो. तो स्क्रू धातूत धातू असा बसतो, तिथे निळ्या रंगाचं थ्रेडलॉकर एक थेंब चालेल. लाल नको, ते पुन्हा उघडायला गरम करावं लागतं. आणि हा द्रव प्लास्टिकच्या रिमपासून लांब ठेवा. काही प्लास्टिक त्याने तडकतं.

आता राहिला नट. क्रॉलरच्या नटाच्या तोंडाशी बहुधा नायलॉनची चकती असते, तीच नटाला धरून ठेवते. नट बोटांनीच शेवटपर्यंत फिरत गेला, तर चकती संपली. नट बदला, नवा स्वस्तात मिळतो. १:१० च्या ट्रकला साधारण ४ मिलिमीटर आट्यांचा नट आणि त्याला ७ मिलिमीटरचा पाना लागतो. पकडीने आवळू नका, नटाचेही कोपरे गोल होतील आणि मग तो वेगळाच ताप.

किती आवळायचं? चाक आत-बाहेर हलायचं थांबलं, की थोडंसंच पुढे. मग चाक बोटाने फिरवा. अडखळलं किंवा जड गेलं, तर किंचित सैल करा. जोर लावून आवळलेल्या नटाने रिमचं मधलं प्लास्टिक चेपतं. ते चेपलं की नटाखाली पुन्हा जागा होते, आणि आपण पुन्हा आवळतो. कपाटावर गेलेल्या अनेक ट्रकांची गोष्ट इथूनच सुरू झालेली असते.

बेअरिंग खरखरत असेल तर धुण्याच्या भानगडीत न पडता बदलाच. त्याची मापं आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी अशी तीन आकड्यांत लिहिलेली असतात. जुनं बेअरिंग मोजूनच नवं मागवा. चिखलात खेळून आल्यावर चाकं काढून हेक्स आणि खळगा जुन्या टूथब्रशने कोरडे साफ केलेत, तर ही वेळच उशिरा येते.

काही चाकं मात्र वाचवू नका. नटाच्या जागेपासून बाहेर जाणारी चीर दिसली, किंवा खळग्याची भिंतच फुटली असेल, तर ती रिम चढावर दगा देईल आणि ट्रक पायऱ्यांवरून कोसळेल. तिथे नवी जोडी घ्या, एकटं चाक नको, कारण नव्या-जुन्या टायरांची उंची सारखी नसते. फेकण्याआधी जुन्या रिमवर पत्रा आणि इपॉक्सीचा हात मुलांना बसवू द्या. बिघडायचं असेल ते तिथे बिघडेल. आणि हेक्स, पिना, नट काढून एका डबीत ठेवा, डबीवर ट्रकचं नाव आणि १२ की ७ तो आकडा लिहून.